चष्मेवाले मामा आणि बाब्याची नोंद

माझ्या मामाचं चष्म्यांचं दुकान आहे. पोस्टाच्या मागच्या गल्लीत, एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, आणि मधल्या फटीत मामा. जागा इतकी अरुंद की नजर तपासायला लागतं तेवढं अंतरच मिळत नाही. म्हणून अक्षरांचा तक्ता त्यानं गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या वर, मागच्या भिंतीवर उलट्या अक्षरांत लावलाय आणि समोर आरसा टांगलाय. नवीन माणूस आरशात अक्षरं वाचता वाचता हळूच आपला भांग नीट करतो.

आपल्याकडे फसवण्याला ‘मामा बनवणं’ म्हणतात. जगातल्या इतर मामांनी हे नाव कसं कमावलं कोण जाणे, पण माझ्या मामाला मामा बनवणं अजून कुणाला जमलेलं नाही. कुणी काहीही सांगितलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “कशावरून?”

मामी एकदा दारातून आत येत म्हणाली, “काय ऊन आहे बाहेर!”

“कशावरून?”

“माझ्या घामावरून,” मामी म्हणाली, आणि पिशवी त्याच्या मांडीवर आदळून आत गेली.

या स्वभावाला खरं कुरण मिळालं ते इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, पैसे कुणालाच मिळू नयेत असा तो मोठा ज्ञानकोश. एका संथ दुपारी मामा त्यात चष्म्यावरचा लेख वाचत होता. त्यात लिहिलं होतं की लांबचं न दिसणाऱ्याला फुगीर काच देतात. मामा ताडकन उठला. लांबचं दिसत नसेल तर खोलगट काच द्यायची, हे त्याच्या दुकानातल्या मांजरालाही ठाऊक असावं. त्यानं चूक दुरुस्त केली. तासाभरात कुणीतरी ती दुरुस्ती उलटवून टाकली आणि खाली शेरा मारला, ‘संदर्भ दिलेला नाही.’

“उभा जन्म काचा घासण्यात गेला आणि मला संदर्भ मागतो!” मामा दोन दिवस धुसफुसत होता. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेला, भौतिकशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणलं, पान क्रमांकासकट दुरुस्ती पुन्हा केली, आणि ती टिकली. मग मला म्हणाला, “त्याचंच बरोबर होतं गं. मी चष्मेवाला आहे हे त्याला कसं कळणार? आणि कळलं तरी काय, चष्मेवाले चुकत नाहीत?”

शेरा मारणाऱ्यानं तिथे स्वतःचं नाव ‘कासव’ ठेवलं होतं. मामानं आपलं ठेवलं ‘भिंग’. एकमेकांचं तोंड न पाहता दोघांची चांगली गट्टी जमली. कासव बाई आहे की बुवा, हे आजही कुणाला माहीत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. घरी जायच्या वाटेवर मामाचं दुकान लागतं, त्यामुळे शाळा सुटल्यावर एक चहा तिथे व्हायचाच. अशाच एका दुपारी मामा पडद्याकडे बघून खुदुखुदु हसत होता.

“काय झालं?”

“नवीन लेख आलाय. ‘जुळवाजुळव’ नावाचं सॉफ्टवेअर. शाळेची वेळापत्रकं लावतं. ऐक.” तो वाचायला लागला. “‘क्रांतिकारी, अग्रगण्य, अतुलनीय आणि सर्वांच्या पसंतीस उतरलेलं...’ अजून ते करतं काय हे आलेलंच नाही. विशेषणंच संपेनात.”

नवे लेख तपासायचं काम तो तेव्हा हौसेनं करत असे. एखादी गोष्ट ज्ञानकोशात यावी की नाही हे कसं ठरवतात, ते मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

“ती चांगली की वाईट, हा प्रश्नच नाही,” मामा म्हणाला. “ज्यांचं तिच्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसांनी तिच्याबद्दल नीट, सविस्तर लिहिलंय का, एवढंच बघायचं.”

“म्हणजे भाडेकरू ठेवताना त्याच्या आईला विचारत नाहीत, आधीच्या घरमालकाला विचारतात, तसं?”

“शाबास. आणि एकाच घरमालकाला विचारून थांबायचं नाही.”

मग आम्ही दोघांनी त्या लेखाखालचे संदर्भ उघडून बघितले. पहिला त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्याच संकेतस्थळाचा. पुढचे तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतले, पण तिन्हींत मजकूर शब्दन् शब्द तोच, आणि ‘विद्यार्थी’ हा शब्द तिन्हींत सारखाच चुकलेला. म्हणजे कंपनीनं स्वतःच पाठवलेलं पत्रक तिघांनी जसंच्या तसं छापलेलं. शेवटचा संदर्भ एका पुरस्काराचा. तो देणाऱ्या संस्थेनं त्या वर्षी अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच पुरस्कार दिला होता.

“आपली पाठ आपणच थोपटलीय,” मी म्हणाले.

“थोपटून थोपटून लाल केलीय. पण घाई नको. लेख वाईट लिहिलाय म्हणजे वस्तू नगण्य आहे असं होत नाही.”

मामा पुढचे दोन-तीन दिवस फावल्या वेळात शोधत राहिला. शिक्षणावरची मासिकं बघितली, ग्रंथालयातल्या बाईंना विचारलं. कुठेच काही सापडलं नाही. तेव्हा त्यानं तो लेख चर्चेला लावला. अशा चर्चेत कुणीही येऊन ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ म्हणतं आणि का ते सांगतं. मामानं लिहिलं होतं, ‘त्रयस्थांनी सविस्तर लिहिलेलं काही मिळालं नाही. मिळाल्यास मत आनंदानं बदलीन.’

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी मामाकडे होते. मामी खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होती. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आला. घरात त्याला सगळे बाब्या म्हणतात. डोक्यावर केस राहिले नाहीत, मुलगी पाचवीत गेली, तरी बाब्याच. तो संगणकाचं काहीतरी करतो, शाळांसाठी ‘तासगाडी’ नावाचं काहीतरी बनवलंय, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यापलीकडे कुणी कधी विचारलं नव्हतं. मामीसुद्धा ‘आमच्या बाब्याचं ते तासांचं’ एवढ्यावर भागवायची.

आज बाब्याचा चेहरा रागानं फुगला होता.

“ताई, लोकांच्या पोटात किती दुखतं बघ. एवढ्या मेहनतीनं ज्ञानकोशात नोंद केली, तर कुणी एक नतद्रष्ट म्हणतो काढून टाका!”

“मेलं कोण ते?” मामी लगेच भावाच्या बाजूनं उभी राहिली.

“नाव पण बघ काय घेतलंय. ‘भिंग’! स्वतःचं तोंड दाखवायची हिंमत नाही. दुसऱ्याच्या चुका मोठ्या करून बघायच्या, दुसरं काय येणार असल्या माणसाला? बायकोही बोलत नसेल त्याच्याशी.”

“बोलत असेल तर तिची धन्य म्हणायची,” मामी म्हणाली.

मी चहाचा घोट तोंडातच धरून मामाकडे बघितलं. मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“बाब्या,” तो सावकाश म्हणाला, “तुझ्या तासगाडीचं नाव बदललं का रे?”

“हो ना, भाऊजी. सल्लागार म्हणाला जुनं नाव खटाऱ्यासारखं वाटतं. आता ‘जुळवाजुळव’ ठेवलंय. का?”

मामानं कप खाली ठेवला. “तो नतद्रष्ट मी.”

मग मामीनं पेन्सिल शब्दकोड्यावर आपटली.

“तुम्ही? माझ्या भावाचं नाव खोडायला निघालात?”

“अगं, मला माहीत नव्हतं त्याचं आहे ते.”

“आता कळलं ना? मग घ्या मागे!”

“आता तर मुळीच घेता येणार नाही,” मामा कळवळून म्हणाला. “आता मागे घेतलं तर काय होईल? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!”

वेळ चुकली. म्हण अगदी चपखल बसली होती, पण हसले फक्त मी एकटीच, आणि मामीनं माझ्याकडे असं बघितलं की मी बिस्किटांची बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

त्याच दुपारी मामानं चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘या उत्पादनाचा निर्माता माझा मेहुणा आहे, हे मला आज कळलं. मी या चर्चेतून बाहेर पडतो. माझं मत धरू नये.’ कासवानं खाली लिहिलं, ‘घरी जेवायला मिळतंय ना?’

मिळत होतं, पण माझ्यामार्फत. “तुझ्या मामाला सांग, भाजी झाकून ठेवलीय,” असं मामी मला फोनवर सांगायची, आणि मामा तिच्याच पलीकडच्या खुर्चीत बसलेला असायचा.

इकडे बाब्या गप्प बसणारा नव्हता. त्यानं मित्रांना कामाला लावलं. एका दिवसात चर्चेच्या पानावर डझनभर नवी माणसं उगवली आणि सगळ्यांनी ‘ठेवा’ म्हटलं. ‘अत्यंत उपयुक्त सॉफ्टवेअर, माझं आयुष्य बदललं’, असं तिघांनी लिहिलं. त्यातला एक तर दाढी करायच्या यंत्रांचा विक्रेता निघाला. कासवानं शांतपणे लिहिलं, ‘इथे डोकी मोजत नाहीत, कारणं बघतात. आपल्यापैकी कुणाकडे एखादा संदर्भ आहे का?’ डझनभर माणसं आली तशी गुल झाली. आठवडा संपला आणि नोंद काढली गेली.

दुसऱ्या दिवशी बाब्या दुकानात आला. मला वाटलं आता कडाक्याचं भांडण होणार. पण तो नजर तपासायच्या खुर्चीत मुकाट्यानं बसून राहिला. आरशात त्याचं तोंड एवढंसं दिसत होतं.

“मला माझ्यासाठी नको होती हो ती नोंद,” तो शेवटी म्हणाला. “लेकीनं वर्गात सांगितलं, माझ्या बाबांनी एक मोठी गोष्ट बनवलीय. पोरांनी ज्ञानकोशात शोधलं, काही मिळालं नाही. तिला म्हणाले, फेकतेस. म्हणून म्हटलं, टाकूया.”

मामा हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिला. त्याला वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं.

“बाब्या, काय बनवलंयस ते मला दाखव.”

“आता काय उपयोग?”

“नोंदीसाठी नाही. मला बघायचंय म्हणून.”

बाब्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. मामानं दुकानाच्या दाराला ‘थोड्या वेळात येतो’ची पाटी लावली, जी तो कधीच लावत नाही. मग बाब्या सांगू लागला. एका शाळेत शिक्षक किती, वर्ग किती, खोल्या किती. एकच प्रयोगशाळा, तिच्यावर पाच वर्गांचा डोळा. गणिताच्या बाई बुधवारी उशिरा येतात, चित्रकलेच्या सरांना शेवटचा तास नको, आणि एका खोलीत दोन वर्ग तर कधीच येता कामा नयेत. हे सगळं हातानं जुळवायला शिक्षकांची अख्खी सुट्टी जायची. त्याचं यंत्र ते चहा होईपर्यंत जुळवून द्यायचं. आमच्या शाळेची अडचण मी सांगितली तर तीही त्यानं तिथल्या तिथे सोडवून दाखवली. आम्ही इतकी वर्षं त्याला ‘तासांचं’ म्हणत होतो, आणि घरातल्या कुणी एकदाही त्याच्या शेजारी बसून हे बघितलं नव्हतं.

“झकास काम आहे,” मामा म्हणाला. “आता मला कळलं. पण मी पडलो तुझा मेहुणा. माझं कळणं तिथे चालत नाही. कुणीतरी परक्यानं बघायला हवं, आणि स्वतःहून.”

“परका कशाला बघेल?”

“ते मला नाही सांगता येत. पण लेकीला घेऊन ये एकदा. तिला हेच दाखव, जे मला दाखवलंस.”

बाब्या गेला तेव्हा त्याचा राग गेला होता. मामीचाही गेला, पण तिनं तो जाहीर करायला आणखी चार दिवस लावले.

पुढल्या वर्षी शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांनी ‘जुळवाजुळव’ घेतलं. आमचीही त्यात होती. नव्या सत्राच्या पहिल्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिक्षण खात्याच्या कचेरीकडून आलेलं छापील वेळापत्रक लावलं होतं आणि त्याच्यासमोर सगळे अवाक होऊन उभे होते. मी पुढे जाऊन वाचलं. पाचवी अ, पहिला तास, खेळ. दुसरा तास, खेळ. तिसरा, खेळ. पाचवी ब, खेळ. सहावी, सातवी, आठवी, सगळ्यांना, सकाळपासून शाळा सुटेपर्यंत, खेळ.

आमच्या मोठ्या बाई नियमाला अतिशय पक्क्या. सोबतच्या आदेशात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की छापील वेळापत्रकात शाळेनं परस्पर काहीही बदल करू नये. त्यांनी कचेरीला फोन लावला. तो सतत व्यग्र लागत होता, कारण शहरातल्या सगळ्याच शाळा तो लावत होत्या. मोठ्या बाईंनी आदेश दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “आदेश म्हणजे आदेश. चला मैदानावर.”

तो दिवस मी विसरणं शक्य नाही. सगळी शाळा एकदम मैदानात उतरली. खेळाच्या सरांचा तास एरवी गणितवाले हक्कानं मागून घेतात. त्या दिवशी राज्य खेळाच्या सरांचं होतं. पहिल्या तासात ते घाबरले होते, दुसऱ्यात त्यांचा आवाज बसला, तिसऱ्यापासून ते शिट्टीवर आणि हातवाऱ्यांवर कारभार हाकत होते. विज्ञानाच्या बाई पंच झाल्या आणि बाद दिलेल्या प्रत्येकाला कारणं समजावून सांगत बसल्या. गणिताचे सर पकडापकडीत सातवीच्या पोरांना सापडेनात. मी स्वतः लंगडी घातली आणि तिसऱ्याच उडीला आपटले. आणि दुपारी, मुलींच्या आग्रहाखातर, मोठ्या बाईंनी दोरीवरच्या उड्या मारल्या. नेमका तेव्हाच वर्तमानपत्राचा छायाचित्रकार कुंपणाबाहेरून चालला होता.

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. ‘आठवड्यात खेळाचे जास्तीत जास्त तास’ या चौकटीत कचेरीतल्या कुणीतरी शून्य टाकलं होतं. त्याला म्हणायचं होतं, ‘अजून ठरलेलं नाही.’ यंत्रानं त्याचा अर्थ घेतला, ‘मर्यादा नाही.’ आणि यंत्राला सगळ्यात वर घालून दिलेली अट एकच, की एका खोलीत दोन वर्ग येऊ देऊ नकोस. मैदानाला भिंती नाहीत, तिथे कितीही वर्ग मावतात. मग सगळ्यांनाच मैदानावर पाठवलं की कुणाची कुणाशी टक्कर नाही! यंत्राच्या हिशोबानं ते जगातलं सर्वांगसुंदर वेळापत्रक होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई हवेत, दोरी पायाखाली, असा फोटो पहिल्या पानावर आला. बाब्यानं फोन बंद करून ठेवला. मामी त्याच्या घरी जाऊन त्याला बळंच जेवायला घालून आली. पण तिसऱ्या दिवशी तो उठला, शून्याची भानगड निस्तरली, रिकामी चौकट आणि शून्य यांची फारकत केली, आणि मग पायात वहाणा घालून एकेका शाळेत निघाला. प्रत्येक मुख्याध्यापकांसमोर उभा राहून त्यानं सांगितलं, “चूक माझी. यंत्रानं विचारायला हवं होतं, ते मी त्याला शिकवलं नव्हतं.” आमच्या शाळेत आला तेव्हा मोठ्या बाईंनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, “वर्षातून एकदा मुद्दाम करता येईल का हो?”

त्या फोटोनंतर परके लोक आपणहून आले. शिक्षणावरच्या एका मासिकानं माणूस पाठवला. त्यानं ‘जुळवाजुळव’ कितीतरी दिवस वापरून बघितलं आणि काय चांगलं, काय लंगडं, कुठे अडतं, हे अनेक पानांत लिहिलं. विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापिकेनं वेगळाच लेख लिहिला. आपण यंत्राला काय विचारतो आणि आपल्याला काय विचारायचं असतं, यात किती अंतर पडू शकतं, हे तिनं आमच्या त्या मैदानावरून समजावलं. दुसऱ्या शहरातल्या एका वर्तमानपत्रानं अशा चार यंत्रांची तुलना छापली. बाब्याचं दुसरं आलं.

यातलं काहीही बाब्यानं लिहून घेतलेलं नव्हतं. खरं तर तो यातलं काही वाचतही नव्हता.

मग एका दुपारी तो दुकानात धापा टाकत शिरला. मामा एका आजीबाईंच्या चष्म्याची नाकावरची गादी बदलत होता आणि मी चहा ओतत होते.

“भाऊजी, काढा ते!”

“काय?”

“नोंद! ज्ञानकोशात पुन्हा आलीय. कासवानं लिहिलीय. काढून टाका.”

“मागच्या वेळी तू ‘ठेवा’ म्हणत होतास.”

“मागच्या वेळी त्यात माझं कौतुक होतं. आता माझी फजिती आहे!”

“मी ना मागच्या वेळी ठेवू शकत होतो, ना आता काढू शकतो,” मामा म्हणाला. “माप तेच आहे बाब्या. तेव्हा तू त्यात मावत नव्हतास, आता मावतोस.”

आजीबाई मान वळवून बाब्याकडे बारकाईनं बघत होत्या. चष्मा मामाच्या हातात असल्यामुळे त्या पार जवळ सरकल्या.

“तो मैदानाचा दिवस केला तो हाच का?”

बाब्यानं मान खाली घातली.

“आमची नात त्या दिवशी काही कटकट न करता जेवली आणि दिवेलागणीलाच आडवी झाली. देव तुझं भलं करो,” असं म्हणून त्यांनी त्याच्या टकलावरून हात फिरवला.

“नोंद पूर्ण वाचलीस का?” मामानं विचारलं.

“पहिला परिच्छेद वाचला. पुढे वाचवेना.”

“बस. मोठ्यानं वाच.”

बाब्या खुर्चीत बसला आणि वाचू लागला. सॉफ्टवेअर काय करतं, कशासाठी बनवलं, शिक्षकांचा किती वेळ वाचला, दोन ओळींत. एकही विशेषण नव्हतं. मग मैदानाचा दिवस, त्याचं कारण, अगदी नेमकं. मग मासिकानं काढलेल्या उणिवा. त्यानंतर त्याचा आवाज हळू झाला. “‘घटनेनंतर निर्मात्यानं प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन चुकीची जबाबदारी घेतली आणि दुरुस्तीची पद्धत सर्वांसाठी खुली केली, असं मासिकानं नोंदवलं आहे.’” तो थांबला. “हे पण लिहिलंय?”

“छापून आलं होतं. म्हणून लिहिलंय.”

तरीही बाब्यानं एक प्रयत्न केलाच. पण या वेळी मित्र नाहीत, खोटी नावं नाहीत. चर्चेच्या पानावर त्यानं सरळ लिहिलं, ‘मी या सॉफ्टवेअरचा निर्माता आहे. नोंद काढावी असं मला वाटतं, कारण मला लाज वाटते.’ मामानं खाली आपलं नातं पुन्हा जाहीर केलं आणि मत दिलं नाही. कासवानं लिहिलं, ‘कारण प्रामाणिक आहे, पण नियमात बसत नाही. ठेवा.’ बाकीच्यांनीही ‘ठेवा’ म्हटलं. मामीनं हे सगळं मामाच्या खांद्यावरून वाचलं.

“राहू दे की रे,” तिनं बाब्याला फोन करून सांगितलं. “पहिली मी वाचली होती, मला त्यातला माणूसच ओळखू येत नव्हता. हिच्यात तू आहेस.”

त्याच आठवड्यात बाब्या लेकीला शाळेत सोडायला गेला, तर फाटकापाशी तिचा अख्खा वर्ग त्याची वाट बघत उभा. ज्ञानकोशात सगळ्यांनी वाचलं होतं. दोन पोरांनी चेंडूवर सही मागितली. एकानं दबक्या आवाजात विचारलं, “काका, परत कधी चुकणार?” लेक बाजूला छाती काढून उभी होती. ती जन्मली तेव्हासुद्धा त्याला इतकं गोंधळल्यासारखं झालं नव्हतं, असं बाब्या म्हणतो.

धंद्याचं म्हणाल तर बरं चाललंय. नोंदीमुळे गिऱ्हाइकं वाढली की कमी झाली, हे त्याला सांगता येत नाही. पण ‘वर्षातून एक दिवस मैदान’ अशी एक चौकट आता त्याच्या यंत्रात आहे आणि बऱ्याच शाळा तिच्यावर खूण करतात. आमच्या मोठ्या बाई सगळ्यात आधी करतात.

आणि बाब्याला ज्ञानकोशाची चटक लागली. मामानं त्याला बजावलं होतं, “स्वतःच्या नोंदीला हात लावायचा नाही, आणि माझ्या चष्म्यांनाही.” मग त्यानं पूल निवडले. लहानपणापासून त्याला पुलांचं वेड होतं, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. आता रविवारी सकाळी तो येतो आणि दोघं लॅपटॉपवर डोकी जुळवून बसतात. मामीला वाटायचं आता तरी घरात शांतता नांदेल. छे! गेल्या रविवारी आपल्या नदीवरच्या जुन्या पुलाच्या कमानी सात की नऊ, यावरून दोघांची जुंपली. ग्रंथालयातल्या पुस्तकात सात होत्या, बाब्याच्या आठवणीत नऊ. मामा म्हणाला, तुझी आठवण छापून आलेली नाही. बाब्या म्हणाला, पुस्तक लिहिणारा पुलावर गेला होता कशावरून? मामाला हे इतकं आवडलं की तो लगेच चपला घालून निघाला, आणि बाब्या त्याच्या मागोमाग.

पाणी उतरलेलं होतं. उरलेल्या दोन कमानी गाळात अर्ध्या बुडालेल्या त्यांना दिसल्या. पण आपण बघितलं म्हणून लिहिता येत नाही, हेही दोघांना माहीत. म्हणून मग ते तिथूनच पाटबंधारे खात्याच्या कचेरीतल्या एका ओळखीच्या अभियंत्याच्या घरी गेले, जुने नकाशे कुठे छापलेत ते विचारायला. मामी आणि मी बराच वेळ वाट बघितली, आणि मग जेवून घेतलं.